बायोमेडिकल कचरा: ड्रेसिंग ट्रॉलीपासून गाडीत चढेपर्यंत कुठल्या पायरीला काय करायचं आणि नेमकं कुठे चुकतं

पिवळा, लाल, पांढरा, निळा. हे चार रंग हॉस्पिटलमधल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, बरोबर सांगतील. भिंतीवर तक्ते आहेत, ट्रेनिंग होतात, रजिस्टरवर सह्या होतात. तरी लाल पिशवीत रक्ताने भिजलेला गॉज, पिवळ्यात ग्लोव्हज आणि आयव्ही सेट, आणि सगळ्यात वाईट म्हणजे साध्या कचऱ्यात उघडी सुई, हे काही थांबत नाही. कारण रंग पाठ असतात पण क्रम पाठ नसतो. डबा आधी हाताशी ठेवलेला नसतो, मग सगळं ट्रेमध्ये गोळा होतं, मग तो ट्रे कुणीतरी एकाच डब्यात उलटतं, आणि तिथून पुढे सगळाच घोळ.

त्यामुळे खाली सगळं क्रमाने लिहिलंय. सिस्टर, ब्रदर, इंटर्न, लॅब टेक्निशियन, मावशी, वॉर्डबॉय, ज्यांचा ज्यांचा हात या कचऱ्याला लागतो त्या सगळ्यांसाठी. आपल्याकडे लागू आहेत ते २०१६ चे बायोमेडिकल वेस्ट मॅनेजमेंट नियम, ज्यात २०१८ आणि २०१९ मध्ये दुरुस्त्या झाल्या, त्यालाच धरून सांगतेय.

## सुरुवात करण्याआधी: रंगाचा अर्थ समजून घ्या

पिशवीचा रंग म्हणजे त्या पिशवीचं पुढे काय होणार याची सूचना असते, एवढं एक कळलं की अर्ध्या चुका आपोआप कमी होतात.

पिवळी पिशवी जाळायला जाते, म्हणजे इन्सिनरेटरमध्ये (काही ठिकाणी प्लाझ्मा पायरोलिसिस किंवा खोल पुरणं). लाल पिशवी ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) किंवा मायक्रोवेव्ह होते, मग त्यातल्या प्लास्टिकचे तुकडे करतात आणि ते रिसायकलिंगला जातं. पांढऱ्या डब्यातल्या सुया, ब्लेड निर्जंतुक करून तुकडे करतात किंवा सिमेंट वगैरेत बंद करतात. निळ्यातली काच निर्जंतुक होऊन रिसायकलिंगला जाते.

आता विचार करा, आयव्ही सेट पिवळ्यात टाकला तर काय होईल? तो जळेल, आणि क्लोरीन असलेलं प्लास्टिक जळलं की डायऑक्सिन आणि फ्युरानसारखे विषारी वायू तयार होतात. उलट रक्ताचा गॉज लाल पिशवीत गेला तर तो जळणारच नाही, रिसायकलिंगच्या प्लास्टिकमध्ये अडकून राहील. पुढे ट्रीटमेंट सेंटरवर कुणी पिशवी उघडून वस्तू वेचून वेगळ्या करत नाही, आणि करूही नये. म्हणून ज्याच्या हातून कचरा तयार झाला, त्याच्याच हातून, त्याच क्षणी, तो बरोबर पिशवीत पडला पाहिजे. मावशी नंतर वेगळं करतील ही अपेक्षा धरणं म्हणजे मावशींचा हात सुईवर ठेवणं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने आरोग्यसेवेतून निघणाऱ्या कचऱ्यापैकी साधारण ८५ टक्के साधाच असतो, फक्त १५ टक्के धोकादायक. पण तो १५ टक्के बाकीच्यात मिसळला की सगळाच धोकादायक धरावा लागतो.

## पायरी १: तयारी (इथेच सगळ्यात जास्त चुकतं)

डबे कुठे ठेवायचे. जिथे कचरा होतो तिथे. ड्रेसिंग रूम, प्रोसिजर रूम, ओटी, लेबर रूम, कॅज्युअल्टी, आयसीयू, लॅब, इंजेक्शन रूम. वॉर्डच्या टोकाला चार डबे एका रांगेत ठेवून दिले की फोटोत छान दिसतं, पण बेडपासून तिथपर्यंत वापरलेली सुई हातात घेऊन चालत कुणी जाऊ नये आणि घाईत कुणी जातही नाही. म्हणून ट्रॉलीलाच लहान पिशव्या आणि लहान शार्प्स कंटेनर (सुया-ब्लेडचा पांढरा डबा) लावा. मोठे डबे झाकणाचे, पायाने उघडणारे.

साध्या कचऱ्याचा डबा शेजारीच ठेवा. ही गोष्ट बरेच लोक विसरतात. शेजारी साधा डबा नसेल तर सिरिंजचं रॅपर, ग्लोव्हजचा कागद, चहाचा कप सगळं पिवळ्यात पडतं, वजन वाढतं आणि विनाकारण जाळलं जातं. नातेवाईक बसतात तिथे मात्र फक्त साधे डबे ठेवा, बायोमेडिकलचे नको.

पिशव्या. नॉन-क्लोरिनेटेड, बायोहॅझर्डचं चिन्ह छापलेल्या, बारकोड लावता येतील अशा. स्टॉक संपला म्हणून एका रंगाच्या जागी दुसऱ्या रंगाची पिशवी 'आजच्या दिवस' लावू नका. त्या एका दिवसात सगळ्या शिफ्टची सवय मोडते, आणि ती पिशवी पुढे चुकीच्या मशीनमध्ये जाते ते वेगळंच. इंडेंट (स्टॉकची मागणी) आठवडाभर आधी टाका.

पांढरा डबा. सुई आरपार जाणार नाही, गळणार नाही, एकदा बंद केला की उघडता येणार नाही असा. तोंड कापलेली सलाईनची बाटली किंवा पाण्याचा जुना कॅन म्हणजे शार्प्स कंटेनर नव्हे.

कचरा हाताळणाऱ्यांचं सामान. जाड रबरी ग्लोव्हज, मास्क, प्लास्टिकचा एप्रन, बंद बूट. तपासणीचे पातळ ग्लोव्हज घालून पिशव्या उचलायला लावणं चूक आहे, सुई त्यातून सहज आत जाते. स्लीपर घालून तर अजिबात नाही.

लस. हिपॅटायटिस बी चे तीन डोस (पहिला, मग १ महिन्याने, मग पहिल्यापासून ६ महिन्यांनी) आणि धनुर्वाताची लस. नियमात हे लिहिलेलंच आहे, आणि कॉन्ट्रॅक्टवरच्या सफाई कामगारांनाही ते लागू आहे. सगळ्यात जास्त धोका त्यांना आणि लसीत सगळ्यात मागे तेच राहतात, याचं खरंच वाईट वाटतं. तिसऱ्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर (लसीमुळे रक्तात तयार झालेल्या अँटीबॉडीचं प्रमाण) बघा, १० mIU/mL किंवा जास्त आला म्हणजे संरक्षण तयार झालं.

> तपासा: बेडजवळ उभं राहून हात लांब करा. शार्प्सचा डबा हाताच्या अंतरावर नसेल तर प्रोसिजर सुरू करू नका, आधी ट्रॉली लावा.

> सावधान: बऱ्याच ठिकाणी साध्या सुक्या कचऱ्याचा डबाही निळाच असतो आणि बायोमेडिकलमधला काचेचा डबाही निळा. दोन्ही शेजारी ठेवले की औषधाच्या व्हायल साध्या कचऱ्यात जातातच. दोन्हींच्या आकारात फरक ठेवा, जागा वेगळी ठेवा, आणि काचेच्या डब्यावर मोठं चित्र लावा.

## पायरी २: वस्तू वेगळ्या करणं

### पिवळी

शरीराचे अवयव, टिश्यू, नाळ-वार, ठराविक मुदतीआतला गर्भ. रक्त किंवा शरीरातलं पाणी लागलेला कापूस, गॉज, ड्रेसिंग, प्लास्टर. रक्ताच्या पिशव्या. डाग लागलेलं टाकाऊ लिनन, गादी. वापरलेले मास्क आणि गाऊन. एक्स्पायर झालेली किंवा टाकून द्यायची औषधं. रासायनिक कचरा.

इथे तीन गोष्टींवर जरा थांबते.

एक, मास्क. नेहमीचा मास्क पिवळ्यात, ग्लोव्हज मात्र लालमध्ये. दोन्ही एकाच वेळी अंगावरून काढतो म्हणून दोन्ही एकाच डब्यात टाकले जातात. ग्लोव्हज आधी काढा, लालमध्ये टाका, हात स्वच्छ करा, मग मास्क काढून पिवळ्यात, आणि परत हात धुवा.

दोन, केमोची औषधं. कॅन्सरच्या औषधांच्या व्हायल, अँप्युल, त्या औषधाचा संपर्क आलेल्या वस्तू, हे सगळं वेगळ्या पिवळ्या पिशवीत किंवा डब्यात, त्यावर सायटोटॉक्सिकचं (पेशींना मारक) चिन्ह. काचेची व्हायल आहे म्हणून निळ्यात जात नाही. ती १२०० अंश सेल्सिअसच्या वर जाळावी लागते किंवा कंपनीकडे परत जाते.

तीन, पिवळ्या कचऱ्यावर हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, जंतू मारायचं ब्लीच) ओतणं. अजूनही काही वॉर्डात 'जंतू मेले पाहिजेत' म्हणून ड्रेसिंगचा कापूस हायपोत बुडवून पिवळ्यात टाकतात. हे करायचं नाही. जाळायच्या कचऱ्यावर आधी रसायन टाकायला नियमातच मनाई आहे, कारण त्यातलं क्लोरीन इन्सिनरेटरमध्ये जातं. अपवाद फक्त मायक्रोबायोलॉजी, लॅब आणि अतिसंसर्गजन्य कचऱ्याचा.

### लाल

वापरलेलं प्लास्टिक आणि रबर: आयव्ही सेट, सलाईनच्या प्लास्टिक बाटल्या, कॅथेटर, युरिन बॅग, राईल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी), सुई काढलेल्या सिरिंज, सुई कापलेले व्हॅक्युटेनर (रक्ताचा नमुना घ्यायच्या नळ्या), ग्लोव्हज. युरिन बॅग भरलेली तशीच टाकायची नाही, आधी रिकामी करायची. नाहीतर ती पिशवीत फुटते आणि पुढे जो उचलतो त्याच्या पायावर सांडते.

सलाईनच्या बाटल्या आणि सिरिंज बाहेर विकल्या जाऊ शकतात हे लक्षात ठेवा. लाल पिशवी उघड्यावर, कुलूप नसलेल्या जागी ठेवली की ती भंगारात जायला वेळ लागत नाही, आणि धुऊन परत पॅक झालेली सिरिंज कुणाच्या तरी हातात टोचली जाते.

### पांढरा

सुई, फिक्स सुईची सिरिंज (इन्सुलिनची अख्खी इथेच), स्काल्पेल, ब्लेड, लॅन्सेट, टाक्याची सुई, नीडल कटरमधून निघालेले सुयांचे तुकडे. धातूचं आणि टोचणारं ते सगळं. न वापरलेलं असलं तरी टोचणारं आहे, त्यामुळे इथेच.

### निळा

औषधांच्या काचेच्या व्हायल, अँप्युल, फुटलेली काच, आणि शरीरातून काढलेले धातूचे इम्प्लांट. प्लेट, स्क्रू, रॉड टोचतात म्हणून पांढऱ्यात टाकले जातात, ते निळ्यात. पूर्वी यासाठी पुठ्ठ्याचे खोके चालायचे, २०१८ च्या दुरुस्तीनंतर निळी खूण असलेला, आरपार न होणारा आणि न गळणारा डबाच हवा. व्हायलमध्ये औषध उरलं असेल तर ती टाकाऊ औषध म्हणून पिवळ्यात.

### एक साधं उदाहरण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

पेशंटला कॅन्युला लावून इंजेक्शन द्यायचंय समजा. सिरिंजचं रॅपर, कॅन्युलाचं पाकीट: साधा कचरा. अँप्युलचं तुटलेलं डोकं आणि बुड: निळा. स्पिरिटचा कापूस ज्याला रक्त लागलं: पिवळी. कॅन्युलातून बाहेर काढलेली लोखंडी सुई: लगेच पांढरा, हातातून ट्रेमध्ये न ठेवता. इंजेक्शन दिल्यावर सिरिंजची सुई कटरमध्ये, नळी लालमध्ये. ग्लोव्हज लाल. एका पाच मिनिटांच्या कामात पाच ठिकाणी कचरा जातो, म्हणूनच ट्रॉली आधी लावा असं पुन्हा पुन्हा सांगतेय.

> सावधान: चुकीच्या पिशवीत वस्तू पडली तर हात घालून काढायची नाही. साध्या कचऱ्यात बायोमेडिकल मिसळलं असेल तर ती अख्खी पिशवी बायोमेडिकल समजा. कुठल्या वॉर्डातून आली ते लिहून ठेवा आणि इन्चार्ज सिस्टरना सांगा.

## पायरी ३: सुई

सुईला वेगळी पायरी दिली कारण जखमा इथेच होतात.

१. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही. दोन हातांनी टोपण लावताना दुसऱ्या हाताच्या बोटात सुई जाते. अगदीच नाइलाज असेल तर टोपण टेबलावर आडवं ठेवून एका हाताने, सुईनेच ते उचलायचं.

२. वापरणाऱ्यानेच कापायची. डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये टाकली आणि सिस्टरनी उचलली, हा प्रकार ओटीत आणि कॅज्युअल्टीत रोज दिसतो. इथे सीनियर-ज्युनियर काही नाही, ज्याने वापरली त्याने विल्हेवाट लावायची.

३. कटरमध्ये सुई हबपर्यंत (सिरिंजला जोडलेल्या बुडापर्यंत) आत घाला, अर्धवट कापली तर टोकदार तुकडा सिरिंजला तसाच राहतो आणि लाल पिशवीतून बाहेर येतो.

४. कटरच्या खालचा डबा रोज बघा. भरलेल्या कटरमध्ये जोर लावून सुई ढकलताना बोट सुईवर येतं.

५. हाताने वाकवणं, मोडणं, सिरिंजवरून बोटांनी ओढून काढणं, तिन्ही बंद.

६. पांढरा डबा तीन चतुर्थांश भरला की झाकण कायमचं लावायचं. हलवून, दाबून जागा करायची नाही, आणि परत वापरायसाठी दुसऱ्या डब्यात ओतायचा तर अजिबातच नाही.

> तपासा: शिफ्ट संपताना बेडवरची चादर, ट्रे, गादीखालची जागा, युनिफॉर्मचा खिसा. हरवलेली सुई बहुतेक चादरीत असते आणि ती लाँड्रीतल्या माणसाला टोचते.

## पायरी ४: पातळ कचरा आणि हायपो

सक्शनच्या बाटलीतलं रक्त, ड्रेनचं पाणी, लॅबचं सांडपाणी हे थेट गटारात नाही, निर्जंतुक करून मगच पुढच्या ट्रीटमेंट प्लांटकडे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर केमिकल ट्रीटमेंटसाठी १ ते २ टक्के सोडियम हायपोक्लोराइट सांगितलंय.

मिश्रण करताना अंदाजे झाकण ओतणं ही फार जुनी सवय आहे, ती सोडा. आधी कॅनवरचं लेबल वाचा. ५ टक्क्यांचं हायपो असेल तर १ भाग हायपो आणि ४ भाग पाणी घेतलं की १ टक्का होतं. १० टक्क्यांचं असेल तर १ भाग हायपोला ९ भाग पाणी. बादलीवर कायमची खूण करून ठेवा म्हणजे रात्री कुणाला हिशेब करायला नको. प्लास्टिकची बादली, झाकण लावलेली, उन्हापासून लांब, आणि तयार केल्याची वेळ लिहिलेली. सकाळचं मिश्रण दुसऱ्या दिवसापर्यंत वापरायचं नाही, ताकद उतरते आणि वास मात्र तसाच राहतो, त्यामुळे लोकांना ते अजून चालतंय असं वाटतं.

> सावधान: हायपोमध्ये अ‍ॅसिड, टॉयलेट क्लीनर किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. लघवीतही अमोनिया असतो, त्यामुळे लघवी सांडली असेल तर आधी टिपून घ्या, मग हायपो लावा.

लॅबचे कल्चर प्लेट, नमुने, रक्ताच्या पिशव्या हे मात्र जागच्या जागी आधी ऑटोक्लेव्ह करूनच बाहेर द्यायचे. त्यासाठी ऑटोक्लेव्हमध्ये टिकणारी पिशवी घ्यायची, साधी पिवळी आत वितळते.

## पायरी ५: पिशवी बांधणं, लेबल, बारकोड

पिशवीसुद्धा तीन चतुर्थांशच भरायची. त्याहून जास्त भरली की गाठ बसत नाही, मग लोक दाबतात, आणि दाबताना आत सुई असली तर सरळ तळहातात. हवा हळूच निघू द्या, तोंड पिळून वळवा, दुमडून घट्ट बांधा. पिनने स्टेपल करू नका, भोक पडतं.

लेबलवर तारीख, कचऱ्याचा प्रकार, वॉर्ड आणि हॉस्पिटलचं नाव, संपर्क. बारकोड पिशवी वॉर्डातून निघण्याआधी लावा. बरेच ठिकाणी सगळ्या पिशव्या खाली गोळा करून मग एकदम बारकोड लावतात, त्यात कुठली पिशवी कुठल्या वॉर्डाची हेच हरवतं आणि चूक कुणाची ते कधीच सापडत नाही.

> तपासा: पिशवी जमिनीवर ठेवून दहा सेकंद बघा. खाली ओल आली तर दुसऱ्या त्याच रंगाच्या पिशवीत अख्खी ठेवा आणि परत बांधा.

## पायरी ६: उचलणं आणि साठवणं

पिशवी मानेला, म्हणजे गाठीला धरून उचलायची, अंगापासून लांब. खालून हात लावून किंवा मिठी मारून उचलली की जखम ठरलेली. फरशीवरून ओढायची नाही, फेकायची नाही. झाकणाची ट्रॉली, जी जेवणासाठी किंवा लिनेनसाठी वापरली जात नाही. वेळ अशी ठरवा की जेवण वाटप आणि भेटीची वेळ टळेल. पेशंटच्या लिफ्टमधून न्यायची वेळ आलीच तर एकट्यानेच, बाकी कुणाला आत न घेता, आणि नंतर लिफ्ट पुसून.

साठवणीची खोली बंद, हवेशीर, टाइल्सची, कुलूप असलेली, बाहेर बायोहॅझर्डचं चिन्ह. चारही रंगांच्या जागा वेगळ्या. कुत्री, मांजरं, उंदीर, भंगारवाला कुणीच आत जाणार नाही अशी. ही खोली मी पहिल्यांदा बघते ती कुलपासाठी, आत किती टाइल्स आहेत ते नंतर.

अवयव, रक्ताचा कचरा अशा गोष्टी ट्रीटमेंटशिवाय ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. गाडी आली नाही, सुट्टी होती, ही कारणं त्यात मोजली जात नाहीत. जास्त ठेवावंच लागलं तर कारणासह प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावं लागतं आणि त्याचा त्रास कुणाला होणार नाही याची काळजी घ्यावी लागते. म्हणून सलग सुट्ट्यांच्या आधी गाडीवाल्या एजन्सीशी बोलून ठेवा.

## पायरी ७: गाडीत देणं आणि नोंदी

७५ किलोमीटरच्या आत सामायिक ट्रीटमेंट सेंटर असेल तर हॉस्पिटलला स्वतःचं इन्सिनरेटर वगैरे लावता येत नाही, कचरा तिकडेच द्यावा लागतो. देताना रंगानुसार वजन, बारकोड स्कॅन, दोघांच्या सह्या. वजन एकत्र लिहू नका, चार रंगांचं चार. पिवळ्याचं वजन अचानक वाढलं तर साधा कचरा त्यात पडतोय, पांढऱ्याचं अचानक घटलं तर सुया कुठेतरी दुसरीकडे जातायत. वजनाचं रजिस्टर नीट वाचलं तर वॉर्डात फिरायच्या आधीच चूक कळते.

नोंदी ५ वर्षं जपायच्या. वार्षिक अहवाल दरवर्षी ३० जूनच्या आत फॉर्म ४ मध्ये. ३० किंवा जास्त बेड असतील तर कमिटी लागते, तिची सहा महिन्यांतून एकदा तरी बैठक हवी आणि तिची मिनिट्स अहवालासोबत जातात.

## पायरी ८: सुई टोचली किंवा रक्त सांडलं तर

हे आधीच वाचून ठेवा, त्यावेळी डोकं चालत नाही.

सुई टोचली तर

१. ग्लोव्हज काढा, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. डोळ्यात उडालं असेल तर स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने भरपूर धुवा.

२. बोट पिळू नका, तोंडात घालू नका, ब्लीच किंवा स्पिरिट ओतू नका. पिळणं ही सगळ्यांची पहिली प्रतिक्रिया असते, त्याने फायदा काही नाही, आतल्या भागाला इजा मात्र होते.

३. लगेच इन्चार्ज आणि कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांना सांगा. शिफ्ट संपल्यावर बघू, उद्या सांगू, असं नाही. एचआयव्हीसाठीची पीईपी औषधं (संपर्क आल्यावर लागण होऊ नये म्हणून घ्यायची) शक्यतो २ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरला जात नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा असतो.

४. तुमची आणि पेशंटची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी तपासणी. पुढच्या तपासण्यांच्या तारखा लिहून घ्या.

५. रजिस्टरमध्ये नोंद: कुठे, कशाने, कुठल्या कामात. या नोंदी वार्षिक अहवालातही जातात.

लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी असलेल्या पेशंटची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते, एचआयव्हीच्या बाबतीत साधारण ०.३ टक्के. सगळे एचआयव्हीला घाबरतात आणि हिपॅटायटिसची लस अर्धवट सोडतात. लस अपुरी असेल तर तेही त्याच वेळी डॉक्टरांना सांगा, कारण हिपॅटायटिस बी चं इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) शक्यतो २४ तासांत द्यायचं असतं.

> सावधान: टोचलं म्हणून कुणाला रागावू नका. एकदा रागावलं की पुढच्या दहा घटना लपवल्या जातात, आणि त्यात पीईपीचे तास निघून जातात.

रक्त सांडलं तर: लोकांना बाजूला करा, ग्लोव्हज-एप्रन-मास्क घाला. काचेचे तुकडे असतील तर चिमट्याने किंवा पुठ्ठ्याने उचला, हाताने नाही. शोषून घेणारा कागद किंवा कापड टाका, वर १ टक्का हायपो, बाहेरून आत असं गोल ओता, २० मिनिटं थांबा. मग सगळं उचलून पिवळ्यात आणि जागा परत पुसा. सांडल्या सांडल्या पोछा मारला की तेच रक्त सगळ्या वॉर्डभर पसरतं.

पारा सांडला तर: झाडू नाही, व्हॅक्युम क्लीनर नाही. खिडक्या उघडा, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी थेंब गोळा करा, पाणी घातलेल्या घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. पिवळ्या पिशवीत कधीच नाही, जळून वाफ होते.

## पायरी ९: स्टाफला शिकवणं

नवीन माणूस रुजू होताना एकदा आणि नंतर दरवर्षी ट्रेनिंग, हे नियमाने आहेच. तासभराचं प्रेझेंटेशन दाखवून मावशींना काही मिळत नाही. वॉर्डातच, त्याच डब्यांसमोर, न वापरलेल्या वस्तूंचा ट्रे भरून द्या आणि टाकायला सांगा. पंधरा मिनिटं पुरतात. जिथे हात अडखळतो ते लिहून घ्या: मास्क, इम्प्लांट, युरिन बॅग, केमोची व्हायल, औषध उरलेली बाटली, बहुतेक याच पाच जागा असतात. त्याच पाच वस्तूंचं मोठं चित्र मराठीत, डब्याच्या वर, डोळ्याच्या उंचीला लावा. चाळीस वस्तूंचा छापील तक्ता घाईत कुणी वाचत नाही.

ट्रेनिंगला डॉक्टर आणि इंटर्न हवेतच. ओटीतला कचरा सर्जनच्या हातून सुरू होतो, आणि हजेरीच्या यादीत मात्र फक्त सिस्टर आणि सफाई कामगार दिसतात. रात्रपाळी आणि कॉन्ट्रॅक्टचे लोक सुटू नयेत म्हणून बॅच संध्याकाळी सातला, शिफ्ट बदलताना घ्या.

मग आठवड्यातून एकदा, न सांगता, राउंड घ्या. पिशव्या उघडायच्या नाहीत, वरून दिसतं तेवढंच बघायचं: झाकण बंद आहे का, तीन चतुर्थांशच्या वर गेलंय का, कटर चालतोय का, हायपोच्या बादलीवर वेळ लिहिलीय का, मावशींच्या हातात कुठले ग्लोव्हज आहेत, आणि त्यांच्या लसीच्या कार्डवर तिसऱ्या डोसची तारीख आहे का.